विष आणि वावडे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात उभ्या धानात लाखोळी पेरण्याची रीत जुनी आहे. हीच डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय ताठरतात आणि कायमचे अधू होतात. सागर भागातील असे रुग्ण स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवले आहेत. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणणारी तरतूद झाली. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातील विषारी अमिनो आम्ल ओळखले.

लाखोळीवरून आपण एक नियम शिकतो : अपाय मात्रेवर अवलंबून असतो, एखाद्या घासाने काही बिघडत नाही. वावड्याला, म्हणजेच ॲलर्जीला, मात्र हा नियम लावता येत नाही.

हे कसे कळले? १९०२ साली फ्रान्समध्ये रिशे आणि पोर्तिए यांनी कुत्र्यांना एका सागरी प्राण्याचे विष टोचले. त्यातून बरा झालेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याच विषाच्या अगदी थोड्या मात्रेने काही मिनिटांत मेला. १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९२१ साली प्राउसनिट्झ यांनी, माशाचे वावडे असलेल्या आपल्या सहकाऱ्याचा, क्युस्टनरचा, रक्तरस स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचताच गांध उठली. मासा सदोष नव्हता. कारण रक्तात होते. १९६६ साली इशिझाका पती-पत्नींनी ते प्रतिपिंड वेगळे ओळखले. त्याला आज आयजीई म्हणतात.

शाळेत एकाच पातेल्यातले अन्न सगळी मुले खातात. शंभरांना मानवणारे शेंगदाणे किंवा अंडे एखाद्यालाच घातक ठरू शकते. म्हणून ‘थोडेसे खाऊन तर बघ’ असा आग्रह वावडे असलेल्या मुलाला करू नये. प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारावे आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवावे.

खाल्ल्यानंतर अंगावर गांधी उठल्या आणि त्याबरोबर ओठ-जीभ सुजली, श्वास घरघरला, उलट्या झाल्या किंवा भोवळ आली, तर वाट पाहू नये. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे, चालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा. यावर पहिले औषध म्हणजे मांडीत टोचायचे ॲड्रेनॅलिन. जंगलातील गावापासून आरोग्य केंद्र दूर असते, तेथे लक्षण ओळखण्यात गेलेली पाच मिनिटेही मोलाची, असे आम्हाला वाटते.