कॅसलरॉक : घाटमाथ्यावरील रेल्वेचे गाव

1955 पूर्वी गोव्याहून पुण्या-मुंबईस रेल्वेने येणाऱ्या आपल्या बांधवांना कॅसलरॉक ओलांडावेच लागे. आज उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात मोडणारे हे लहानसे गाव रेल्वेमुळेच नकाशावर आले.

या मार्गाचे मूळ 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात आहे. त्या कराराने गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील जकातीची भिंत दूर झाली आणि मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडण्याचे ठरले. 1881 मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली. भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगाल सरकारने घेतली. 1888 मध्ये मीटरगेज मार्ग पूर्ण झाला. परंतु 1892 च्या आरंभी करार संपुष्टात आला आणि जकातीची सीमा परत उभी राहिली! खुल्या व्यापारासाठी बांधलेल्या मार्गावर आता प्रवाशांच्या ट्रंका उघडल्या जाऊ लागल्या : घाटावर कॅसलरॉकला ब्रिटिशांची तपासणी, पायथ्याशी कुळे येथे पोर्तुगिजांची. आमच्या मते, या वसाहतीला घाटाने जितके घडविले तितकेच या मोडलेल्या कराराने.

घाटाचे काम मात्र कधीच थांबत नाही. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे 26 किलोमीटर असून चढ 37 फुटांमागे 1 फूट इतका तीव्र आहे. वर येणाऱ्या गाडीस जादा इंजिने जोडावी लागतात आणि खाली उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आधी तपासावे लागतात. धुवाधार पावसात दरड कोसळण्याची धास्ती असतेच. दूधसागरचा धबधबा पाहून हरखणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानी हे क्वचितच येते.

1955 मध्ये भारत सरकारच्या नाकेबंदीत गोव्याची रेल्वे वाहतूक बंद झाली. ज्या सीमेने या स्थानकाला महत्त्व दिले तिनेच ते शेवटचे स्थानक करून सोडले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मार्ग परत जोडला गेला, पण जकात नाका इतिहासजमा झाला. 1990 च्या दशकात रूळ ब्रॉडगेज झाले.

पुढे मुरगावहून वर येणाऱ्या कोळशासाठी दुहेरीकरणाची योजना आली. दाट अरण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे टप्प्यास वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली.