प्रबळगड ऊर्फ मुरंजन

खालापूर तालुक्यांतील चौक गांवाहून उत्तरेस पाहिलें असतां जवळ इर्शाळगडाचा सुळका दिसतो. प्रबळगड व माथेरान हीं पठारें त्याच्याच शेजारचीं. इ. स. १८५० त ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याचा तळ चौकास होता व तेथूनच तो माथेरान चढला. माथेरानास त्यामुळें भाग्य लाभलें. प्रबळ रानांत राहिला.

आम्ही प्रबळ पाहिला तो डोंगरावरील वस्तीचा अवशेष म्हणून. ग्रीकांचें पर्गमम् डोंगरमाथ्यावर नांदलें, तें चाळीस किलोमीटरांहून दूरचें पाणी नळांनीं वर चढविलें म्हणून. प्रबळावर नगर नव्हतें. पण शिबंदीस बारमाही पाणी हवेंच, आणि तें येथें कातळांत खोदलेल्या टांक्यांनीं पुरविलें. गणपतीचें देऊळ, इमारतींचीं पडकीं जोतीं व हीं टांकीं दाट झाडींत विखुरलीं आहेत. काळ्या बुरुजापर्यंत मोजणी करावयाची तर पानगळीनंतरच शक्य.

गडाचें जुनें नांव मुरंजन. निजामशाही बुडत असतां इ. स. १६३६ त शहाजीराजांनीं याचा आश्रय केला होता. इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर हा शिवाजी महाराजांकडे आला, व पुरंदरच्या तहानें (१६६५) मोगलांस गेला. इ. स. १६७० त मराठ्यांनीं तो परत घेतला. त्या वेळीं मोगलांचा किल्लेदार केसरसिंह लढून पडला, बायकांनीं जोहार केला, व उरलेल्या त्याच्या मातेस महाराजांनीं सन्मानानें पोंचविलें, असें सांगतात. ही कथा समकालीन पत्रांवरून पारखल्यावांचून इतिहासांत घेऊं नये, असें आमचें मत आहे. संग्राहकांनीं दफ्तरें चाळतांना मुरंजन व प्रबळ हीं दोन्ही नांवें ध्यानांत ठेवावीं.

कागदांत किल्लेदार सांपडतात. टांक्यांचीं व पाऊलवाटांचीं नांवें सांपडत नाहींत. तीं पायथ्याच्या ठाकरांच्या तोंडीं असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाची दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. सत्तावीस प्रेतें हातीं लागलीं, सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत. या दुःखापुढें संशोधकाच्या हानीची गणना ती काय! तथापि त्या माणसांबरोबर इर्शाळच्या वाटांची माहितीहि गेली, हें नमूद करणें प्राप्त आहे.

प्रबळमाचीवर वस्ती अद्याप आहे. तेथील वृद्धांस बरोबर घेऊन प्रत्येक टांक्याचें व जोत्याचें नांव जागेवरच उतरून घ्यावें, आणि नकाशा त्यानंतर काढावा.