जांभळा ठिपका

वीकेंडला बग शोधायचे नाहीत असा माझा नियम आहे. पण आजचा बग इतिहासातला आहे, त्यामुळे चालेल!

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका हॉस्पिटलात १९८०च्या सुमारास नर्सेसकडे पेशंटांची कार्डं असत. काही कार्डांवर छोटासा जांभळा ठिपका चिकटवलेला. अर्थ असा, की याचं हृदय थांबलं तर पुन्हा चालू करायच्या भानगडीत पडू नका. पेशंट गेला की कार्ड कचऱ्यात. केसपेपरवर मात्र एक अक्षर नाही. १९८४ मध्ये ग्रँड ज्युरीने या प्रकाराचे वाभाडे काढले. ठिपका कोणी लावला, पेशंटला विचारलं होतं का, चुकून शेजारच्याच्या कार्डावर तर नाही ना लागला? कळायला मार्गच नाही. लॉग नसलेली सिस्टिम, दुसरं काय!

आता हे डॉक्टर काही खलनायक नव्हते. १९६० साली जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, नुसती हातांनी दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायची पद्धत प्रसिद्ध केली. (कौवेनहोवेन चक्क इलेक्ट्रिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जमातीतला.) ती होती अचानक हृदय थांबलेल्यांसाठी. पण इतकी सोपी, की बघता बघता हॉस्पिटलात मरणाऱ्या कोणावरही होऊ लागली. डिफॉल्टच बदलला म्हणा ना. कॅन्सरने पोखरलेल्या आजोबांच्याही फासळ्या मोडायच्या. डॉक्टरांना ते बघवेना, आणि लिहून ठेवायची भीती, कारण उद्या कोर्टात तोच कागद पुढे आला तर? मग निघाले ठिपके, कुजबुज आणि 'स्लो कोड', म्हणजे बोलावलं की मुद्दाम रमतगमत पोचायचं. असा निर्णय केसपेपरवर लिहा, असं १९७४च्या राष्ट्रीय मानकांत सांगितलं होतं. ऐकतो कोण! शेवटी न्यूयॉर्क राज्याने १९८७ मध्ये संमतीचा कायदाच केला.

बरं, पेशंटने स्वतःच ठणकावून सांगितलं तर? २०१७ मध्ये मायामीतली एक केस प्रसिद्ध झाली. सत्तरीचा बेशुद्ध माणूस, छातीवर गोंदलेलं की मला पुन्हा जिवंत करू नका, 'नका'खाली रेघ आणि वर सही. तरी डॉक्टर अडले. मत बदलतं, गोंदण पुसत नाही. (पोकरमध्ये हरून असंच गोंदवून घेतलेला एक जण आधी सापडला होता, आणि त्याला तर जगायचं होतं!) नीतितज्ज्ञ म्हणाले, गोंदण माना. मग रीतसर फॉर्मही सापडला आणि डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल मान्य केलं, पण मॅजिस्ट्रेटची सही हवी होती. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. प्रत ठेवायला मुंबई महापालिकेने अधिकारी नेमले, तेही डॉ. निखिल दातार मागे लागल्यावर.

माझ्या बाबांनी केलंय लिव्हिंग विल. कपाटात आहे, एलआयसीच्या पॉलिसीखाली. रात्री दोनला कॅज्युअल्टीतला पोरगेला डॉक्टर ते कपाट उघडणार आहे का? आणि कागद हातात पडला तरी अंमल व्हायला दोन मेडिकल बोर्डांचा होकार लागतो. आयसीएमआरने २०२० मध्ये पुनरुज्जीवन न करण्याचा फॉर्म दिलाय, तो डॉक्टरांनी चर्चा करून, सही करून केसपेपरला लावायचा. म्हणून बाबांच्या फॅमिली डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतलीय. बाबाही येणार आहेत.