परभणीच्या गारा आणि उंचावरची लाट

२०१४ साली फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत गारपीट झाली. परभणी जिल्ह्यात हे दिवस रब्बीच्या काढणीचे. ज्वारी कणसात, हरभरा घाट्यात, गहू पिवळा. हंगामाचे कष्ट काही मिनिटांत आडवे होतात. पावसाळा केव्हाच सरलेला असताना हे संकट येते कुठून?

उत्तराचा धागा नॉर्वेतील बर्गेनमध्ये सापडतो. पहिल्या महायुद्धात परदेशांतून येणारी हवामानाची माहिती तुटली, तेव्हा विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी देशातच निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे उभारले. त्या नोंदींवरून त्यांचे पुत्र याकोब यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले, की वादळात उबदार व थंड हवा सहजी मिसळत नाहीत. त्यांच्यात ठळक सीमा असते. काळ युद्धाचा, म्हणून सीमेला नाव पडले ‘आघाडी’.

पण ती तयार कशी होते? जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांना फुगे सोडून मोजणी करताना उंचावर अतिवेगवान पश्चिमी वारे आढळले. १९२६ चा त्यांचा अहवाल एस्परांतो भाषेत होता. तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर जाणाऱ्या अमेरिकी विमानांना तेच वारे भेटले. हाच जेट प्रवाह. तो नागमोडी वाहतो. अशा लाटांचे गणित कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी १९३९ मध्येच मांडले होते.

लाटेच्या खोलगट भागाला द्रोणी म्हणतात. द्रोणीच्या पुढे उंचावरची हवा फाकते, खालची वर ओढली जाते आणि जमिनीवरील दाब उतरतो. त्या कमी दाबाभोवती फिरणारे वारे उत्तरेची थंड व दक्षिणेची उबदार हवा जवळ आणतात. शेकडो किलोमीटरांवर पसरलेला तापमानाचा फरक अरुंद पट्ट्यात दाटतो. हीच आघाडी.

परभणी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पाठ्यपुस्तकातल्यासारखी आघाडी इथवर क्वचितच पोचते. पश्चिमी विक्षोभाची द्रोणी मात्र कधीकधी दक्षिणेकडे खोल उतरते. वर गार हवा, खाली तापलेली जमीन आणि समुद्रावरून आलेले बाष्प एकत्र आले, की ढग झपाट्याने उंच वाढतात आणि गारा पडतात.

फाल्गुनात विद्यार्थ्यांना उंचावरचे पिंजलेले ढग कुठून कुठे सरकतात ते पाहायला सांगा. अंगणातल्या वाऱ्याची दिशाही शेजारी लिहू द्या. दोन्ही दिशा बहुधा वेगळ्या निघतील. द्रोणीची चाहूल आधी लागली, तर उभे पीक वाचत नाही; पण खळ्यावरची ज्वारी आणि कडबा झाकायला एक दिवस मिळतो.