एकपात्री प्रयोग आणि बडोद्याचा श्रोता

बडोद्याच्या मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना बहुधा नाटक मंडळींच्या वैभवाचेच वर्णन होते. सयाजीराव महाराजांचा (राज्यकाल १८७५–१९३९) आश्रय गंधर्व नाटक मंडळीस लाभला, हे सर्वश्रुत आहे. १८८६ साली मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा निघाली. १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात नाट्यशिक्षणासही स्थान मिळाले. परंतु राजाश्रय संपल्यावर, मराठी प्रेक्षक अल्पसंख्य असलेल्या नगरात मोठा नटसंच व सामानसुमान आणण्याचा खर्च लहान नाट्यगृहाच्या तिकिटांतून निघणे कठीण होय. तेथे एकपात्री प्रयोग सोयीचा ठरतो.

मात्र त्यास केवळ काटकसरीची तोड समजणे आम्हांस मान्य नाही. एकाच वक्त्याने क्षणात राजा, क्षणात दासी व्हावे, ही रीत हरिकीर्तनात जुनीच आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकट्याने ५२ पात्रे उभी केली. येथे पात्र ओळखू येते ते पोशाखावरून नव्हे, तर बोलण्याच्या ढबीवरून. वेषभूषा व नेपथ्य यांनी नटलेले नाटक भाषा अर्धीमुर्धी जाणणारासही काही देते. एकपात्री प्रयोग मात्र बोलीबोलींतील भेद टिपणारा कान मागतो.

मराठी घरांतील जी मुले गुजराती वा इंग्रजी शाळांत शिकतात, त्यांच्यापाशी हा कान राहील काय, हाच आमच्या मते खरा प्रश्न आहे. एका नटाने खर्च वाचेल. श्रोता मात्र घरांत आणि वर्गांतच घडवावा लागेल.