सूर्याने तापवलेले पाणी सकाळपर्यंत गरम कसे राहिले?

१/ गच्चीवरचा सौरबंब हा अलीकडचा शोध, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अमेरिकेतील बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्येच अशा यंत्राचे पेटंट घेतले होते.

२/ त्यांच्या ‘क्लायमॅक्स’ यंत्रात काचेने झाकलेल्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या असत. कॅलिफोर्नियात इंधन महाग आणि ऊन मुबलक. तेथे ते लोकप्रिय झाले. मात्र टाकी उघड्यावरच असल्याने पाणी रात्री निवून जाई आणि सकाळच्या स्नानाला थंडच मिळे.

३/ १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवणे आणि साठवणे ही कामे वेगळी केली. उन्हात केवळ नळ्या. टाकी त्यांच्याहून उंचावर, उष्णतारोधक आवरणात. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, पंप लागत नसे. ‘डे अँड नाइट’ हे नाव सार्थ ठरले.

४/ १९१३ च्या कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून नळ्या फुटल्या. बेलींनी मग नळ्यांत मद्यार्कमिश्रित पाणी खेळवले. ते टाकीतील वेटोळ्यातून फिरत उष्णता देई.

५/ १९२० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात स्वस्त नैसर्गिक वायू मिळू लागला आणि सौरबंबांची मागणी ओसरली. बेलींची कंपनीही वायूच्या बंबांकडे वळली. त्यांची रचना मात्र टिकली: पुण्यातल्या गच्च्यांवर आजही टाकी वर आणि नळ्या खाली दिसतात. बंब निवडताना तेव्हाचेच प्रश्न आजही विचारावे लागतात: उष्णता सकाळपर्यंत टिकेल का, ऋतू बदलल्यावर काय होईल आणि इंधनाचा भाव काय?