लोहाऱ्याचा डोंगर आणि रॉकेलचा डबा

१/ रॉकेलचा चौकोनी डबा ज्या पत्र्याचा बनत असे, तो कथलाचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा. भारतात तो प्रथम जमशेदपूरजवळ तयार झाला. परंतु त्या पोलादाच्या शोधाची सुरुवात जुन्या चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात झाली होती. हा थ्रेड त्या हुकलेल्या कारखान्याविषयी.

२/ १८८२ साली जर्मन तज्ज्ञ रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्तम प्रतीचे, आणि वरोऱ्याची कोळसा खाणही फार दूर नाही! नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजींना हा योग मोलाचा वाटला.

३/ घोडे अडले ते कोळशापाशी. झोतभट्टीला कोक लागतो: कोळसा हवेविना तापवून केलेला, खनिजाचा भार सोसणारा कडक इंधनगोळा. वरोऱ्याच्या कोळशापासून तसा कोक होईना. त्यात खाणकामाचे सरकारी नियमही जाचक. बेत मागे पडला.

४/ लॉर्ड कर्झन यांच्या काळात नियम सैल झाले, तेव्हा जमशेटजींनी जुना बेत पुन्हा हाती घेतला. अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला यांनी बैलगाड्यांतून चांद्याचे जंगल पालथे घातले. लोखंड होते, पण जोडीचा कोळसा नव्हता. नकार कळवण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. तेथे थांबावे लागले, म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि भिंतीवरील भूशास्त्रीय नकाशात दुर्ग जिल्हा गडद रंगवलेला त्यांना दिसला. (इतिहासात ताटकळत बसण्याचे श्रेय क्वचितच कोणी नोंदवते.)

५/ त्या नकाशाने वाट पूर्वेकडे वळवली. पुढे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजचे खनिज सुचवले. ते झरियाच्या कोळशाला जवळ होते. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, १९१२ मध्ये साकचीला पोलाद निघाले. जमशेटजी १९०४ मध्येच निवर्तले होते.

६/ आता पत्र्याकडे. तत्त्व आपल्या कल्हईचेच. पोलादाची पातळ चादर तेजाबात धुऊन वितळलेल्या कथलात बुडवायची. कथील २३२ अंशांवर वितळते, गंजत नाही आणि डाग सहज धरते. म्हणून डब्याच्या कडा डाखता येतात. मुलामा खरवडला गेला की मात्र आतले पोलाद गंजू लागते. (विदर्भात छपरावरच्या पत्र्यांनाही ‘टिना’ म्हणतात, पण त्यांवर थर असतो जस्ताचा!)

७/ हा पत्रा वेल्समधून येई. पहिल्या महायुद्धात आयातीची अडचण झाली आणि रॉकेल विकणाऱ्या बर्मा ऑइलला डब्यांची चिंता पडली. तिने टाटांसह १९२० मध्ये टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया काढली. जमशेदपूरलगतच्या गोलमुरीत १९२२ अखेर उत्पादन सुरू झाले. रिकामा डबा कोणी फेकत नसे: त्यात धान्य राही, कावडीला बांधून पाणी येई, कापून सरळ केला की झोपडीवर चढे.

८/ वरोऱ्याची खाण १९०६ मध्येच बंद पडली होती. शतकानंतर गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरावर यंत्रे चढली आणि कोनसरीला कारखाना उभा राहिला. सुरजागड हे परिसरातील माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान. तेथे दरवर्षी यात्रा भरते, आणि खाणीला अनेक ग्रामसभांचा विरोध आहे.